गाऱ्हाण्यातले अकरा सेकंद

मित्रांनो, मालवणच्या मेढा भागातल्या एका लहानशा स्टुडिओत, वरच्या फळीवर, कॅसेटच्या खोक्यामागे मी काही वर्षे पडून होतो. मी आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर. वयाने फार म्हातारा नाही, पण आमच्या जातीत दहा-बारा वर्षे म्हणजे पुष्कळ झाली. माझ्यासारखी यंत्रे आपली हकिकत सांगायला बसली की आधी आपले गुण सांगतात. मीही थोडे सांगेन. पण मला खरे तर माझ्याकडून झालेले एक काम सांगायचे आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. १९९८ साली मी मुंबईच्या एका स्टुडिओत आलो. तिथे मी दोन वर्षे साबणाच्या आणि चहाच्या जाहिराती ऐकल्या. मग तिथे माझ्याहून मोठे यंत्र आले, आणि मालवणच्या सत्यवान नावाच्या गृहस्थांनी मला आपल्याकडे नेले. एसटीत त्यांनी मला सामानात ठेवले नाही. चादरीत गुंडाळून मांडीवर घेतले. कणकवली येईपर्यंत दोन्ही पाय बधिर झाले होते, हे ते पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

माझ्यात आवाज कसा राहतो ते सांगतो. वहीच्या पानावर रेघा असतात, तशा माझ्यात आठ रेघा. त्यांना ट्रॅक म्हणतात. एकीवर बुवांचा आवाज, दुसरीवर पेटी, तिसरीवर पखवाज. एका रेघेवरचे खोडले तरी दुसरीला धक्का लागत नाही. माझ्या उजव्या अंगाला एक चक्री आहे. ती फिरवली की आवाज केसाएवढा पुढेमागे सरकतो. नको असलेला तुकडा सुरू होतो तिथे एक खूण करायची, संपतो तिथे दुसरी, आणि कापायचे बटण दाबायचे. कापलेला तुकडा लगेच नाहीसा होत नाही. तो मी पोटात लपवून ठेवतो. चुकून कापले असेल तर मागे फिरता येते. एक नाही, दोन नाही, नऊशे नव्व्याण्णव पावले. याचा मला फार अभिमान होता.

मात्र माझे पोट लहान. ते भरत आले की साफसफाई करावी लागते. तिचे बटण वेगळे. ते दाबले की मी पडद्यावर लहान अक्षरांत विचारतो, 'नक्की?' होकार मिळाला की लपवलेले सगळे तुकडे जातात. मग एक पाऊलही मागे जाता येत नाही. त्यांत काय होते ते मलाही आठवत नाही, कारण रेकॉर्ड केलेल्या आवाजाची माझी आठवण म्हणजे त्याचे केलेले आकडेच.

सत्यवानना गाणे कळे, बटणे कळत नसत. बटणे कळली ती अस्मिताला. ती आचऱ्याची, सकाळच्या एसटीने येई आणि कॅसेटच्या वेष्टनांवर छापायची नावे टाइप करी. लग्न होऊन वर्षाच्या आत ती माहेरी परत आली होती. त्याबद्दल स्टुडिओत कोणी बोलत नसे, आणि कोणी बोलू नये म्हणून ती मान वर करत नसे. जेवतानाही डब्याशेजारी तिचे पुस्तक उघडे असे. माझे जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक तिने महिनाभर वाचले आणि एका दोनशेपानी वहीत सगळे मराठीत उतरवून काढले. त्यानंतर सत्यवाननी माझ्या बटणांना हात लावला नाही.

तिचा हात फार स्वच्छ होता. भजनातला खाकरा, पेटीच्या भात्याची फस्स, बाहेरून गेलेल्या रिक्षाचा भोंगा, सगळे ती काढून टाकी, आणि कुठे काढले ते शोधून सापडत नसे. भाई बुवा म्हणून एक भजनी बुवा होते. आपले ध्वनिमुद्रण त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "अगो अस्मिता, माजो श्वास खंय गेलो?"

"काढलंय, बुवा. मधी मधी येय होतो."

"मगे ह्या गायलो कोण? मी की माजा मडा?"

सगळे हसले. अस्मिताही हसली. बुवांनी कॅसेटला मान्यता दिली, आणि आम्ही दोघांनी ते बोलणे कौतुकातच जमा केले.

आता २००४ सालाबद्दल. अस्मिताचे वडील, दाजी, निवृत्त शिक्षक होते आणि वाडीच्या देवळात गाऱ्हाणे घालत. तुमच्यापैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घरात आजार असला, नवी होडी पाण्यात ढकलायची असली, मुलगा परीक्षेला बसायचा असला, की माणूस देवापुढे नारळ ठेवतो. त्याचे मागणे जाणता माणूस मोठ्या आवाजात देवाला सांगतो. एकेक बोल संपला की जमलेले सगळे म्हणतात, 'व्हय महाराजा.' एकट्याचे मागणे असे सगळ्यांचे होते.

गाववाल्यांचे मुंबईत एक मंडळ होते. त्याचे चिटणीस यज्ञेश. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात सुरुवातीला गाऱ्हाणे वाजवायचे असे ठरले, आणि त्याची सीडी करून न्यायला यज्ञेश मालवणला आले. सत्यवान, अस्मिता आणि मी, तिघे त्यांच्याबरोबर आचऱ्याला दाजींकडे गेलो. सत्यवान वाडीतल्या लोकांना बोलवायला गेले. मला पाटावर ठेवून अस्मिता तारा जोडत होती तेव्हा दाजी दारातच उभे होते.

"गाराणा असा उगाच घालूचा नसता," ते म्हणाले. "नारळ कोणी ठेवलो? मागणा कोणाचा? तां नसला तर देवाक मी काय सांगू? मुंबयच्या लोकांक आयकूचा आसा म्हणान उठवलंय तुका, असा सांगू?"

"दाजी, नारळ आम्ही देतो ना," यज्ञेश म्हणाले. "पाच देतो."

"नारळ परसात आसत रे. मागणारो होयो."

यज्ञेश घड्याळाकडे बघू लागले. चार वाजताच्या गाडीने त्यांना परत निघायचे होते. मग दाजी अस्मिताकडे वळले.

"अस्मिता, तू ये गो. नारळ घी आनि माज्या बाजूक उभी रव."

"माका मशीन सांभाळूचा आसा, दाजी. तुमी सुरू करा."

दाजींनी स्वतःच नारळ उचलून देव्हाऱ्यापुढे ठेवला. "बरा. बस थंयच. देवाक बसलेला माणूस पण दिसता," ते म्हणाले.

मित्रांनो, हे बोलणे माझ्या कोणत्याच ट्रॅकवर नाही. तरी ते हरवले नाही, कारण अस्मिताने पुढे ते सत्यवानना शब्दशः सांगितले. ती ते विसरलेली नाही.

दाजींचा आवाज पहिल्या ट्रॅकवर घेतला. ते माजघरात उभे होते. ओटीवर वाडीतले पाच जण होते. त्यांचा माइक वेगळा, त्यांचा ट्रॅक दुसरा. त्या पाचांत धोंडू होते. होडीच्या इंजिनापाशी काम करून करून त्यांचे कान अधू झाले होते. इतरांचे ओठ हलले की मग ते 'व्हय महाराजा' म्हणत, म्हणून त्यांचा आवाज दर वेळी सगळ्यांच्या मागून, एकटाच येई. अस्मिता शेजारच्या खोलीत माझ्यासमोर बसली होती. तिच्या कानांवर हेडफोन होते, दुसरे हेडफोन लावून यज्ञेश तिच्या बाजूला होते. सत्यवान बाहेर अंगणाच्या टोकाला, कोणी मध्ये येऊ नये म्हणून उभे होते.

गाऱ्हाणे नऊ मिनिटे चालले. दाजींना तेव्हा दम्याचा त्रास सुरू झाला होता. ते मध्येच खोकत, थांबत, पुन्हा बोलू लागत. गावाचे, वाडीचे, मुंबईतल्या लेकरांचे सगळे सांगून झाले. आता संपले असे वाटून अस्मिताने बटणाकडे हात नेला. तेवढ्यात दाजींचा आवाज पुन्हा आला. या वेळी तो हळू होता.

"आनि बा महाराजा, ह्या माज्या चेडवाक..."

यज्ञेशनी मान वळवून अस्मिताकडे पाहिले आणि हसले. वाईट हसले असे नाही. पण तिचे कान तापले. परत आलेल्या मुलीसाठी बाप देवाकडे काय मागणार, हे तिने मनाशी ठरवूनच टाकले, आणि ते एका परक्या माणसाच्या कानात चालले होते. तिने हेडफोन काढून पाटावर ठेवले आणि माझ्या दिव्यांकडे बघत राहिली. दिवे वरखाली होत होते. अकरा सेकंद. मग ओटीवरून 'व्हय महाराजा' आले, आणि त्यामागून धोंडूंचे.

"शेवटचं ते जरा घरगुती आहे ना?" यज्ञेश म्हणाले. "तेवढं काढता येईल?"

"काढणारच होते," अस्मिता म्हणाली.

मला सांभाळायचे म्हणून ती दाजींच्या बाजूला उभी राहिली नव्हती. आणि माझ्याकडे बघत असल्यामुळे तिने ऐकलेही नाही.

आम्ही लगेच मालवणला परतलो. गाडीची वेळ गाठायची होती. अस्मिताने दाजींच्या ट्रॅकवरून खोकल्याची सत्तावीस उबळी काढल्या. पाचांचे 'व्हय महाराजा' कधी पुढे तर कधी मागे पडत होते. म्हणून तिने त्यांतले एक बरे निवडले, धोंडूंचे शेपूट कापले आणि तेच एक नव्या ट्रॅकवर सगळीकडे चिकटवले. मूळचा दुसरा ट्रॅक तिने नुसता बंद करून ठेवला. शेवटी ती त्या अकरा सेकंदांशी आली. 'ह्या माज्या चेडवाक' इथे तिने पहिली खूण केली. दुसरी खूण करायला मधले ऐकावे लागते. तिने ऐकले नाही. चक्री भरकन फिरवून ती पार शेवटाला गेली, तिथे खूण केली आणि कापले.

दुसऱ्या दिवशी भजनाचे ध्वनिमुद्रण होते आणि माझ्या पोटात जेमतेम चौदा मिनिटांची जागा उरली होती. यज्ञेशना सीडी देऊन झाल्यावर तिने साफसफाईचे बटण दाबले. मी विचारले, 'नक्की?'

डासाची गुणगुण पुसतानाही मी एवढेच विचारतो, आणि अक्षरेही तेवढीच लहान असतात. तिने होकार दिला. मी सत्तावीस खोकले टाकले आणि त्यांच्याबरोबर ते वाक्यही टाकले. अर्ध्या मिनिटात काम झाले. पडद्यावर जागा वाढलेली दिसली. मला तेव्हा हलके वाटले होते, हे मी लपवत नाही.

मुंबईत सीडीचे कौतुक झाले. एक प्रत अस्मिताने दाजींना ऐकवली. दुसऱ्या दिवशी तिने सत्यवानना सांगितले की दाजींना आवडली. दाजी तिला म्हणाले होते, "बरा आसा. सगळा साफ केलंस." त्यांनी दुसरे काही विचारले नाही. तिने ते कौतुक समजून ठेवून घेतले.

२००७ साली स्टुडिओत संगणक आला. त्याच्या पडद्यावर आवाज डोळ्यांना दिसतो, त्यापुढे माझी चक्री कोण फिरवणार? मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवले. खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले. सुरुवातीला अस्मिता आठवड्यातून एकदा पिशवीवरची धूळ पुसत असे, मग ती विसरली. मी याची तक्रार करत नाही. मला टाकून दिले नाही, एवढे पुष्कळ झाले.

२००९ च्या पावसाळ्यात दाजी गेले. अस्मिता बारा-तेरा दिवसांनी कामावर आली तेव्हा तिच्या आवाजावरूनही कोणाला काही कळले नसते. ती आधीसारखीच मान खाली घालून काम करत राहिली.

पुढच्या वर्षी वाडीच्या देवळात वार्षिक उत्सव होता. गाऱ्हाणे घालायला नवा माणूस अजून उभा राहिला नव्हता. दाजींचाच आवाज आहे, तोच लावू, असे ठरले. लाउडस्पीकरवर सीडी लागली. लोक हात जोडून उभे राहिले. नऊ मिनिटांचे गाऱ्हाणे खोकल्याविना आठ मिनिटांत संपले आणि तरीही लोक हात जोडून उभेच होते. दाजींचे गाऱ्हाणे असे संपत नसे. ज्याच्यासाठी घातले त्याचे नाव आणि मागणे शेवटी यायचे. ते आले नाही. आणि पाचही जणांचे 'व्हय महाराजा' दर वेळी तंतोतंत सारखे, एका ठशातून काढल्यासारखे.

लाउडस्पीकरचा आवाज धोंडूंच्या कानांनाही पोचत होता. शेवटी ते मोठ्याने म्हणाले, "ह्या गाराण्यात मी खंय आसंय? आनि मागल्यान काय, तां खंय आसा?"

अस्मिता दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत आली आणि हे सगळे तिने सत्यवानना सांगितले. मी फळीवरून ऐकत होतो. तिने दाजींचे दारातले बोलणेही तेव्हाच सांगितले. म्हणाली, "गाराणा उगाच घालूचा नसता असा म्हणा होते, म्हणान त्येंनी तां माज्यासाठी घातला. आनि माजाच तेवढा मी काढून टाकलंय."

सत्यवाननी फळीकडे बोट केले. मग म्हणाले, "वर आसा बघ तो. चालू झालो तर तुजा नशीब."

मी तिसऱ्या प्रयत्नाला चालू झालो. चक्री घट्ट झाली होती, ती तिने खोबरेल तेलाचे बोट लावून सैल केली. यादीत गाऱ्हाणे होते. तिने मागे फिरायचे बटण दाबले. मी पडद्यावर लिहिले की मागे जाण्यासारखे काही नाही. तिने पुन्हा दाबले. मी पुन्हा तेच लिहिले. असे तिने किती वेळा केले ते मी सांगत नाही. माझ्यातल्या सगळ्याची सीडीवर ठेवलेली राखीव प्रत तिने शोधली, पण ती साफसफाईनंतरची होती.

तिने मुंबईला यज्ञेशना फोन केला, पण काहीतरी घरगुती होते, एवढेच त्यांना आठवत होते. मग ती ओटीवरच्या त्या पाच जणांना एकेक करून भेटली. धोंडू सर्वांत शेवटी, आणि ते स्टुडिओतच आले, कारण त्यांना आपला आवाज मशीनमध्ये आहे की नाही ते बघायचे होते.

"धोंडूकाका, दाजींनी माज्यासाठी काय मागलेला, तुमका याद आसा?" तिने त्यांच्या कानाशी जाऊन विचारले.

"माका? अगो, माका आयकाक खंय येता. बाकीच्यांची तोंडा हलली की मी व्हय म्हणतंय."

"बाकीच्यांका इचारलंय मी. त्येंका पण याद नाय."

"कशी रवतली," धोंडू म्हणाले. "दाजी मागता म्हणजे बराच मागतलो. तां आयकान मगे व्हय म्हणूचा काय?"

अस्मिताने मान फिरवली. पाच परक्या माणसांनी न ऐकता हो म्हटले होते. तिने न ऐकता कापले होते. मलाही त्या क्षणी कोणीतरी पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालावे असे वाटले.

धोंडूंना त्यांचा आवाज ऐकवायचा म्हणून तिने बंद ठेवलेला दुसरा ट्रॅक उघडला. तो तिने कधी कापला नव्हता, म्हणून साफसफाईत तो वाचला होता. त्यावर ओटी होती. पाच जणांचे खाकरणे, कोणाची तरी तंबाखूची डबी, कावळा, आणि दर खेपेला मागून येणारे धोंडू. आणि मधून मधून, दूर, माजघराच्या दारातून येणारा दाजींचा खोकला.

तिने चक्री शेवटाशी नेली. अकरा सेकंद. तिने आवाज वाढवला. वाढवला की वाऱ्याची घरघरही वाढे. दाजी बोलत आहेत एवढे कळत होते. आवाज चढतो, उतरतो, एकदा अडतो. शब्द एकही कळत नव्हता. ती हे दोन दिवस ऐकत राहिली. माझ्यात जे काही होते ते सगळे मी दिले, पण शब्द माझ्यात नव्हते. वाक्याच्या शेवटी मात्र एक खोकला अगदी स्पष्ट होता.

तिने मला सत्यवानांकडून मागून घेतले. एसटीत चादरीत गुंडाळून मांडीवर धरले आणि आचऱ्याला नेले. घरी दाजींच्या त्याच माजघरात पाटावर ठेवले. परसातून नारळ आणला. धोंडू ओटीवर बसून होते. तिने अकरा सेकंदांच्या आधी एक खूण केली. या वेळची खूण कापण्यासाठी नव्हती. मग बटण दाबले, नारळ हातात घेतला आणि दाजी उभे असत त्या जागेच्या बाजूला जाऊन उभी राहिली. माझ्याकडे तिची पाठ होती.

घरघर झाली. आवाज चढला, उतरला, अडला. खोकला आला. मग पाच जण म्हणाले, 'व्हय महाराजा', आणि त्यांच्या मागून माझ्यातले धोंडू. तिची मान हलली तेव्हा ओटीवरच्या धोंडूंना ते दिसले असावे, कारण जरा उशिराने तेही म्हणाले, "व्हय महाराजा."

तिने नारळ देव्हाऱ्यापुढे ठेवला आणि येऊन मला बंद केले. तिला बरे वाटले की नाही, मला माहीत नाही.

आता मी त्याच घरात असतो, स्वच्छ कापडाखाली. मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. माझ्यासारखी यंत्रे गंजतातच. पण घरातले कोणी अडखळत, खोकत, चारचौघांत तुम्हाला लाज वाटेल असे काही बोलू लागले, तर हेडफोन काढू नका. शेवटपर्यंत ऐका. आणि माझ्यासारख्या कोणी लहान अक्षरांत 'नक्की?' असे विचारले, तर बोट उचलून घ्या, एकदा मागे फिरून या.

दाजींनी त्या अकरा सेकंदांत काय मागितले ते आता कोणालाच ठाऊक नाही. त्याला हो म्हणणारे पाच आवाज तेवढे माझ्यापाशी आहेत. ते मी पुसू देणार नाही.